एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: गळती आमची चूक, तीन टनाचा एसी मात्र बरोबर

ताई, नमस्कार. तुम्ही लिहिलंय की एसीचं पाच टनाचं इनडोअर, म्हणजे घरातलं युनिट, मागितलं तरी आम्ही तीन टनाचंच बसवलं, पावसात हॉलच्या फॉल्स सीलिंगमधून पाणी गळलं आणि फोन करूनही माणूस चार दिवसांनी आला.

आधी गळतीचं. तुमच्या युनिटात हवा कॉइलमधून, म्हणजे गार नळ्यांच्या जाळीतून, जाऊन मग ब्लोअरमध्ये, म्हणजे पंख्यात, येते, त्यामुळे कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेच्या बाजूला सतत ओढ असते. ड्रेन पाइप सरळ काढला तर त्या ओढीनं बाहेरची हवा पाइपातून आत येते आणि ट्रेतलं पाणी अडून राहतं. म्हणून पाइपाला यू आकाराचा ट्रॅप लागतो, त्यात पाणी साचून हवेची वाट बंद होते. आमच्या पोरांनी तो दिलाच नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत मशीन चालवून बघितलं तेव्हा ट्रे जेमतेम ओली झाली, त्यामुळे चूक झाकून राहिली. जुलैत झड लागली आणि ट्रे भरून वाहिली. ब्लोअर चालू ठेवून ट्रेत बादलीभर पाणी ओतलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. आता प्रत्येक कामात ते करतो. आणि घरात पाणी गळत असताना त्याच दिवशी यायला हवं होतं. चार दिवस लागले याची मनापासून माफी मागतो.

तीन टनावर मात्र मी ठाम आहे. “आउटडोअर तीनचं असू दे, इनडोअर तरी मोठं द्या, हवा जास्त येईल,” असं तुम्ही म्हणाला होता. हवा जास्त आली असती, पण खोली ओलसरच राहिली असती. फ्रीजमधल्या पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, साध्या पाण्याच्या तांब्याला फुटत नाही. कॉइलचं तसंच आहे. आउटडोअरमधल्या तीन टनाच्या कॉम्प्रेसरवर पाच टनाची कॉइल लावली तर ती पुरेशी गार होत नाही, मग हवेतलं पाणी तिच्यावर कमी जमतं. आपल्या बेळगावात कडक उन्हाळा थोडे दिवस, दमट हवा मात्र जून ते सप्टेंबर. इथं मशीननं पाणी काढणं जास्त महत्त्वाचं. ट्रॅप बसवायला आलो त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता आणि तुमच्या हॉलमधला आर्द्रतेचा काटा 56 टक्क्यांवर होता. तुम्हीही तो बघितलात.

दुसरं, एका टनाला साधारण 400 सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा धरतात, दमट भागात 350 पर्यंत उतरवतात. तुमचे डक्ट, म्हणजे हवा नेणारे मार्ग, बांधकामाच्या वेळीच बसलेत, ते 1,200 सीएफएमपुरते आहेत. पाच टनाचा ब्लोअर 2,000 ढकलायला जाणार, मग ग्रिलमधून घोंघाट येणार आणि करंट जास्त खाणार. डिसेंबर-जानेवारीत हीटिंगलाही इनडोअर-आउटडोअरची हीच जोडी चालते, कारण गॅस उलटा फिरतो, कॉइल तीच राहते.

शेजाऱ्यांकडे पाच टन आहे, खरं आहे. पण त्यांचा वरचा मजला, माथ्यावर तापलेला स्लॅब. तुमचा तळमजला.

येत्या रविवारी सकाळी मी स्वतः येतो. डाग पडलेला सीलिंगचा बोर्ड बदलून रंग मारून देतो, गणपतीच्या आत, आमच्या खर्चानं. बादली बरोबर आणतो, ब्लोअर चालू करून तुमच्यासमोर ट्रेत पाणी ओततो.