गेमला उचकी लागली तर

नवा कॉम्प्युटर घरी आल्याबद्दल अभिनंदन. खोकी अजून गॅलरीत रचून ठेवली आहेत, थर्माकोलचे दाणे पुढचा महिनाभर केरात निघतील आणि पाच तारखेला पहिला हप्ता कापला जाईल. रात्री जेवणं उरकल्यावर तुम्ही गेम लावलात. नायक घोड्यावर बसला, त्याने टाच मारली, आणि घोडा माळरानावर सुटल्या सुटल्या गेमला उचकी लागली, म्हणजे चित्र जागच्या जागी थांबलं. फार मोठी नव्हे, पापणी लवावी एवढीच. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा एक. तुम्ही बायकोला तिच्या ऑफिसच्या कॉलमधून उठवून आणलंत, "हे बघ, हे बघ, आत्ता!" ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "घोडा छान आहे."

घाबरायचं कारण नाही. उचकीवरचा इलाज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. कुणीतरी आठवण काढतंय असं समजायचं, एकेकाचं नाव घेत जायचं, आणि नेमकं नाव आलं की उचकी थांबते. कॉम्प्युटरचंही तसंच. ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर म्हणा, विंडोज म्हणा, अँटीव्हायरस म्हणा, दुकानदार म्हणा. फक्त नावं सगळी एकदम घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघितली, तर कुठल्या नावाला उचकी थांबली हे कळून जाईल, आणि पुढचे तीन शनिवार-रविवार मोकळे पडतील. मोकळ्या शनिवारी माणसाला लोक भाजी आणायला पाठवतात.

मोजण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. सेकंदाला ६० चित्रं म्हटली की एकेका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरवर पुरते सातही येत नाहीत. त्यातलं एखादंच चित्र ८० मिलिसेकंद घेऊन बसलं की डोळ्याला ठेच लागते. पण पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं, म्हणजे एफपीएस, हा जो आकडा दिसतो तो सरासरीचा. नाशिकहून पुण्याला येताना गाडी नारायणगावला अर्धा तास उभी राहिली, तरी घरी पोचल्यावर सरासरी वेग सांगायला लाज वाटत नाही, तसला तो आकडा. प्रत्येक चित्राला किती वेळ लागला हे दाखवणारा आलेखही पडद्यावर लावता येतो, फुकट मिळतो, आणि त्यात प्रत्येक उचकी सुईसारखी ताठ उभी दिसते. उचकी ठरावीक अंतराने येते, की नवं काही दिसलं की येते, की नुसतं धावताना येते, हे त्यावरून पाच मिनिटांत समजतं. म्हणूनच सांगतो, सरासरीवर भांडा. सरासरीवर भांडण कितीही दिवस पुरतं.

कॅबिनेटच्या मागे डोकावणं हा आणखी एक मोह. तिथे वरच्या बाजूला मदरबोर्डची तोंडं असतात आणि खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाची. टेबलाखाली ओणवं होऊन, दातांत मोबाईलची बॅटरी धरून वायर जोडणाऱ्या माणसाच्या हाताला वरचं एचडीएमआय आधी लागतं. वायर तिथे गेली की बहुतेक वेळा चित्रं काढायचं काम प्रोसेसरच्या पोटातला छोटा चित्रकार करतो आणि साठ हजारांचं कार्ड शेजारी दिवे लावून बसून राहतं. आचारी पगारावर ठेवायचा आणि पोहे आपणच परतायचे, असा हा थाट आहे. वायर खालच्या तोंडात लावायला दहा सेकंद लागतात. एवढ्या मोठ्या खर्चाचा प्रश्न दहा सेकंदांत सुटणं बरं दिसत नाही, तेव्हा मागे बघूच नका.

अशी बरं न दिसणारी उत्तरं अजून दोन-तीन आहेत, ती भराभर टाळून पुढे जाऊ. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच असू शकतो. असू द्या. रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा रॅमचा वेग वाढवणारा पर्याय चालू केल्याशिवाय डीडीआर ५ जातीची ती पट्टी बहुतेक वेळा ४८०० वरच चालते. पण खोकं खोटं बोलेल का? दुकानदाराने एकच पट्टी घातली, "दुसरी नंतर टाकता येते, सर" म्हणाला, तर त्याच्या 'नंतर'वर विश्वास ठेवा. दोन पट्ट्या असतील आणि चार खाचा असतील, तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालतात. तुम्ही शेजारी शेजारी घाला, एकमेकींना सोबत होते.

उष्णतेबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण यात आपली संस्कृती गुंतलेली आहे. मराठी घरात कॉम्प्युटरला टेबल असतं आणि टेबलाला सीपीयूसाठी कप्पा असतो, पाठीमागून बंद, पुढून दार. हा कप्पा बनवणाऱ्या सुताराने जो सीपीयू पाहिला होता, तो एका तासात एक पत्र टाइप करायचा. तुमचा नवा डबा भर खेळात इस्त्रीच्या निम्म्या विजेचा धूर काढतो. त्याला त्याच कप्प्यात सारा, दार लावा, वर क्रोशाचं विणलेलं टाका. मे महिन्यात, अकोल्याला, दुपारी. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो, आणि त्यालाच तुम्ही अडखळणं म्हणता. बिचारा श्वास घेत असतो. शिवाय प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरच्या तळाला एक पारदर्शक कागद असतो, तो काढून मग कूलर बसवायचा. पण रिमोटवरचं प्लास्टिक, सोफ्यावरचं प्लास्टिक, गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक ज्या घरात पाच वर्षांनंतरही शाबूत आहे, त्या घरात कूलरचंच तेवढं काढायचं कशाला?

आता थोडं स्वतःबद्दल. सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः भोगलेलं असावं. माझी उचकी घड्याळ लावल्यासारखी यायची, दर वीस सेकंदांनी, गेम कुठलाही असो. नऊ रात्री जागलो. दहाव्या रात्री चुकून एक प्रोग्राम बंद झाला आणि उचकी गायब. कॅबिनेटच्या पंख्यांतले रंगीत दिवे सांभाळणारा तो प्रोग्राम होता. वीस-वीस सेकंदांनी तो अख्ख्या मशीनच्या अंगावरून हात फिरवत तापमान विचारत होता, आणि तो विचारत असताना बाकी सगळे अदबीने उभे राहत होते. मी खुर्चीत मागे रेललो. मग कॅबिनेटकडे बघितलं. प्रोग्राम गेल्यामुळे पंखे कंपनीच्या मूळ रंगात गेले होते, म्हणजे सगळ्या रंगांत, आळीपाळीने, गणेशोत्सवातल्या मांडवासारखे. दोन्ही मिळणार नव्हतं. मी दिवे ठेवले.

तुमची उचकी मात्र बहुधा वेगळी असेल, म्हणून मुख्य उपचाराकडे वळू. ड्रायव्हर काढा. नुसता काढू नका, सेफ मोडमध्ये जाऊन मुळासकट उपटा आणि नवा घाला. दुकानदाराला फोन करा. तो म्हणेल, "सर, एकदा फॉरमॅट मारून बघा." हे वाक्य त्याला झोपेतही येतं. फॉरमॅट मारा. मग हिंदीतला एखादा 'एफपीएस बूस्ट' व्हिडिओ लावा. पाठीमागे कर्कश संगीत, नोटपॅडमध्ये टाइप करून दाखवलेला उपदेश, आणि खाली डाउनलोडला एक फाईल. ती उघडून आत काय लिहिलंय ते वाचू नका, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क देऊन सरळ चालवा. ती विंडोजच्या वीस-पंचवीस सेवा बंद करेल. उचकी राहील, पण प्रिंटर जाईल. प्रिंटर गेल्याचं जूनमध्ये कळेल, मुलाच्या शाळेच्या फॉर्मच्या वेळी.

यातली खरी मजा ड्रायव्हरमध्ये आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गेममधला प्रत्येक देखावा, आग, धुकं, ओला रस्ता, यांना शेडर नावाचे छोटे प्रोग्राम लागतात, आणि ते तुमच्या कार्डाच्या भाषेत आधी उतरवून घ्यावे लागतात. खेळायच्या कन्सोलमध्ये यंत्र सगळ्यांकडे सारखंच, त्यामुळे ते कारखान्यातूनच तयार येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते काम तुमच्या घरी होतं. शहाणा गेम ते सुरुवातीलाच करतो, एक पट्टी दाखवतो आणि थांबा म्हणतो. आळशी गेम पंगत बसल्यावर पुरण वाटायला घेतो. राक्षसाने पहिल्यांदा आगीचा गोळा फेकला की आगीचा शेडर आत्ता, या क्षणी, तयार व्हायला लागतो, आणि तोवर तुम्ही, राक्षस आणि गोळा तिघेही हवेत थांबता. दुसऱ्या गोळ्याला काही होत नाही, कारण तयार शेडर साठवून ठेवलेला असतो.

आता तुम्ही काय करताय बघा. रात्री दीड वाजेपर्यंत खेळून अर्धा गेम सुरळीत झालेला असतो. आणि सकाळी उठून तुम्ही ड्रायव्हर मुळासकट उपटता. त्याबरोबर साठवलेले शेडर बाद. गेम लावता, उचकी पुन्हा पहिल्यासारखी. "म्हणजे ड्रायव्हरमध्येच घोळ आहे!" आणखी जुना ड्रायव्हर घालता, शेडर पुन्हा बाद, उचकी पुन्हा हजर, संशय पक्का. औषधाने येणाऱ्या ठसक्यावर तेच औषध दुप्पट घ्यायचं, असा हा उपचार आहे. आणि ती सुरुवातीची पट्टी दिसलीच, तर कंटाळून मधेच रद्द करायला विसरू नका.

काही नतद्रष्ट लोक तुम्हाला सांगतील की दोष गेमचाच असू शकतो. ते पुरावेही देतील. जून २०१५ मध्ये बॅटमॅन : अर्कहॅम नाइट पीसीवर इतका वाईट चालत होता, की दोनच दिवसांत त्याची विक्री थांबवावी लागली आणि तो ऑक्टोबरअखेरीस परत आला. २०२२ मध्ये एल्डन रिंग भल्याभल्या पीसींवर अडखळत होता, आणि हातात मावणाऱ्या स्टीम डेक या खेळयंत्रावर ते बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी केलेल्या दुरुस्तीमुळे त्याहून सुरळीत पळत होता. आपल्यातल्या ज्यांनी त्या आठवड्यात नवं कार्ड घेतलं असेल, त्यांच्या मनाचं काय झालं असेल? दोष गेमचा नसला तर आणखी कुणाचा असेल, याचीही गोष्ट त्याच वर्षातली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं कुलूप लागतं, म्हणून लोकांनी बायोसमध्ये जाऊन ते चालू केलं, आणि एएमडीचा रायझन प्रोसेसर असलेल्या काही मशिनी मधूनच गचके खायला लागल्या, आवाजासकट. लोकांनी रॅम बदलली, कार्डं बदलली, देव बदलले. मार्चमध्ये एएमडीने स्वतःच कळवलं की प्रोसेसरमधलं ते टीपीएम मदरबोर्डवरच्या एका चिपशी बोलायला जातं तेव्हा असं होतं, आणि दुरुस्त केलेले बायोस मे महिन्यापासून यायला लागतील. तोवर कित्येकांनी विंडोज इतक्यांदा मारून घेतली होती की तिची प्रॉडक्ट-की तोंडपाठ झाली होती.

असल्या गोष्टींनी विचलित होऊ नका. सवालच असा आहे: उचकीचं कारण एकतर दहा सेकंदांच्या वायरीत असतं, नाहीतर तीन खंडांपलीकडे बसलेल्या एखाद्या प्रोग्रामरच्या टेबलावर. पहिलं शोधायला लाज वाटते, दुसरं आपल्या हातात नाही. तुमचा सगळा पुरुषार्थ या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि तिथे काही नाही हीच त्याची खासियत, कारण काही नसलेल्या ठिकाणी कितीही खणता येतं.

खणून कंटाळलात तर खर्च करा. गेम जुन्या चक्कीवरच, म्हणजे हार्ड डिस्कवर पडलेला असेल, तर त्याला नव्या, वेगवान एसएसडीवर हलवू नका. त्याऐवजी प्रोसेसर बदला. नव्या प्रोसेसरला जुना मदरबोर्ड चालत नाही, नव्या मदरबोर्डाला जुनी रॅम चालत नाही, आणि एवढं सगळं आल्यावर जुना कॅबिनेट कुणाला बघवतो? शेवटी जुनं म्हणून फक्त ती हार्ड डिस्क उरेल, कारण तिच्यात गेम आहे.

आणि इतकं करूनही उचकी थांबली नाही, तर माझ्याकडे एक हमखास उपाय आहे. गेम लावा. घोड्यावरून उतरा. जवळच्या कुठल्याही घराकडे चालत जा आणि नायकाला भिंतीकडे तोंड करून उभा करा, अगदी नाक टेकेपर्यंत. पडद्यावर फक्त विटा दिसल्या पाहिजेत. आता काढायला ना माळरान आहे, ना धुकं, ना राक्षस. कोपऱ्यातला आकडा दुप्पट होईल. आलेख तळ्यासारखा सपाट होईल. माउसला हात लावू नका. बायकोला कॉलमधून उठवा. फोटो काढून ग्रुपवर टाका, "फायनली स्मूथ" लिहा. मग खुर्चीत मागे रेला आणि शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा पाठमोरा उभा असलेला तो नायक बघत बसा. घोडा मागे कुठेतरी चरत असेल.