‘पाच वर्षं एकत्र राहिलात की निम्मा फ्लॅट तुमचा’: हा फॉरवर्ड खोटा आहे

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. खाली नुसतंच ‘एक वकील’, नाव नाही. म्हणणं असं की लिव्ह-इनमध्ये सलग पाच वर्षं राहिलं की कायद्याने नवरा-बायको. वेगळं होताना निम्मा फ्लॅट मिळतो, ॲग्रीमेंट कुणाच्याही नावावर असो. महाराष्ट्र सरकारने तसा कायदाच केलाय. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला ‘लिव्ह-इन करार’ असला की दोघंही सुरक्षित. नॉमिनी लावला असेल तर काळजीच मिटली. आणि शेवटी ठळक अक्षरांत: अशा नात्यातल्या मुलाला मात्र बापाकडून काही मिळत नाही.

माझं काम दस्तांचं आहे: खरेदीखत, हक्कसोड, लीव्ह अँड लायसन्स. भांडण कोर्टात जाण्याआधी जे कागद टेबलावर येतात, ते मी बघते. हा मजकूर मला नुसता चुकीचा नाही, महागात पडणारा वाटतो. ‘हक्क आपोआप मिळणारच आहे’ म्हटल्यावर कागदावर नाव लावायचा आग्रह कोण धरेल?

आधी त्या पाच वर्षांबद्दल. भारतातल्या कुठल्याही कायद्यात असा आकडा नाही. पाच नाही, तीन नाही, दहाही नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने बद्रीप्रसाद खटल्यात दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या जोडप्याचं लग्न झालं होतं असं गृहीत धरलं, हे खरं. पण ते दोघं जवळपास पन्नास वर्षं नवरा-बायको म्हणून राहिले होते. शिवाय हे गृहीतक पुरावा देऊन खोडता येतं. ‘आमचं लग्न झालंय, पण आता साक्षीदार उरले नाहीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी ती सोय आहे. ‘आम्हाला लग्न करायचंच नाही’ असं चारचौघांत सांगणाऱ्या आणि बँकेच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिणाऱ्या जोडप्याला ती कशी लागू होईल?

तरीही दार पूर्ण बंद नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात ‘विवाहसदृश नातं’ आहे. ते कशाला म्हणायचं, हे वेलुसामी (2010) आणि इंद्रा सरमा (2013) या दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. दोघं सज्ञान आणि लग्नाला पात्र हवीत, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेली हवीत आणि समाजासमोर जोडीदार म्हणून वावरलेली हवीत. एकत्र पैसा, एकत्र घर, मूल, घरकामाची वाटणी, हे सगळं बघितलं जातं. इंद्रा सरमा खटल्यात पुरुष विवाहित होता आणि बाईला ते माहीत होतं, म्हणून बरीच वर्षं एकत्र राहूनही तिला या कायद्याचा लाभ मिळाला नाही. नुसती वर्षं मोजणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

यात एक गंमत आहे. घोडबंदर रोडला किंवा ऐरोलीत भाड्याचं घर शोधताना ब्रोकर हमखास सांगतो, ‘सेक्रेटरींना मिस्टर-मिसेस म्हणूनच सांगा.’ घर मिळावं म्हणून मारलेली ती थाप पुढे ‘समाजासमोर पती-पत्नी म्हणून वावरले’ याचा पुरावा ठरू शकते. पोलीस पडताळणीचा फॉर्म, दारावरची पाटी, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरचं ‘श्री. व सौ.’, सगळंच.

या कायद्याखाली बाईला घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो, खर्चासाठी रक्कम मिळू शकते, भरपाई मिळू शकते. पण तिचा अर्ज छळाच्या तक्रारीवर उभा असतो, आणि छळात पैशांची अडवणूक किंवा घराबाहेर काढणंही येतं. फक्त ‘आमचं पटलं नाही’ एवढ्यावर काही मिळत नाही. राहण्याचा आदेश म्हणजे मालकीही नव्हे. पुरुषाला या कायद्याखाली अर्जच करता येत नाही. नेहमीच्या पोटगीचं कलम, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, ‘पत्नी’ म्हणतं. त्यात लिव्ह-इनमधली बाई बसते का, हा प्रश्न 2010 साली मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. 2018 मध्ये न्यायालयाने सांगितलं की हिंसाचार कायद्याचा मार्ग तिला मोकळा आहेच.

‘महाराष्ट्र सरकारने कायदा केलाय’ ही ओळ बहुधा 2008 च्या बातमीतून आली असावी. त्या वर्षी राज्य मंत्रिमंडळाने कलम 125 मध्ये बदल सुचवला होता, की वाजवी काळ पत्नीसारखी राहिलेल्या बाईलाही पत्नी धरावं. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. प्रस्ताव कायदा झाला नाही. जोडप्यांची नोंदणी आणि सोडून दिलेल्या बाईला पोटगी ही तरतूद आहे ती उत्तराखंडच्या समान नागरी कायद्यात, जो तिथे 27 जानेवारी 2025 पासून लागू आहे. ठाण्यात बसून त्याच्या भरवशावर राहू नका.

आता खरा मुद्दा, फ्लॅट. घटस्फोटातसुद्धा आपल्याकडे ‘निम्मं-निम्मं’ असा सरसकट नियम नाही. मग लग्नच नसेल तिथे तो येणार कुठून? इथे चालतो तो मालमत्तेचा आणि कराराचा साधा कायदा. त्याला तुमचं प्रेम दिसत नाही. ॲग्रीमेंटवर नाव कुणाचं आणि पैसा कुठल्या खात्यातून गेला, एवढंच दिसतं.

समजा, कासारवडवलीत 80 लाखांचा फ्लॅट आहे, ॲग्रीमेंट आणि कर्ज दोन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर. ती दरमहा 25,000 रुपये त्याला यूपीआयने पाठवते, ईएमआयला हातभार म्हणून. सहा वर्षांत 18 लाख होतात. नातं तुटतं. तिचा फ्लॅटमध्ये हिस्सा किती? कागदावर शून्य. मालक नसल्याने गृहकर्जाच्या व्याजाची करसवलतही तिला कधी मिळालेली नसते. मग ती म्हणते, ते पैसे मी उसने दिले होते. तो म्हणतो, घरखर्चाची वाटणी होती, तूही इथेच राहत होतीस. यूपीआयच्या नोंदीत ‘फॉर होम’ किंवा एखादा बदाम एवढंच असतं. तो ‘गिफ्ट होतं’ म्हणाला तर वेगळीच पंचाईत: नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षात 50,000 च्या वर मिळालेली भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, सगळी रक्कम, आणि आयकराच्या यादीत पती-पत्नी हे नातेवाईक आहेत, लिव्ह-इन जोडीदार नाही. म्हणून तो तसं लेखी सहसा म्हणत नाही.

आणि उसने दिल्याचं सिद्ध झालं तरी मुदत आड येते. असे पैसे परत मागायचा दावा साधारणपणे ते दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. नातं तुटल्यापासून नव्हे, दिल्यापासून. म्हणजे सहा वर्षांच्या त्या 18 लाखांपैकी पहिले 9 लाख, मधल्या काळात त्याने सहीनिशी कबुली दिली नसेल किंवा काही परत केलं नसेल, तर कोर्टात जाण्याआधीच गेले. ‘पाच वर्षं थांबा, हक्क पक्का होतो’ म्हणणाऱ्या मजकुराने इथे सर्वांत जास्त नुकसान केलंय. थांबून हक्क वाढत नाही, उलट पैसा बुडत जातो.

दोघांची नावं ॲग्रीमेंटवर असतील तर गोष्ट वेगळी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर ज्याने जेवढी रक्कम घातली तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर समान हिस्से धरायचे. म्हणजे ‘निम्मं’ हे पुरावा नसतानाचं उत्तर आहे. एकाने 70 टक्के भरल्याचं बँक स्टेटमेंट असेल तर तो निम्म्यावर समाधान का मानेल? खरेदीच्याच वेळी ॲग्रीमेंटमध्ये टक्केवारी लिहून घेतली तर हा वाद उद्भवत नाही. बिल्डरच्या छापील मसुद्यात ती ओळ नसते. ती आपण मागून घालून घ्यायची असते.

उलट टोकाची चूक म्हणजे सगळा पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं. बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घर घेणं बेनामी कायद्यात वगळलेलं आहे. लिव्ह-इन जोडीदाराला ती सूट नाही. असा व्यवहार बेनामी ठरला तर ‘खरा मालक मी’ म्हणून दावा करता येत नाही, आणि मालमत्ता जप्त होण्याचीही टांगती तलवार राहते.

वेगळं होताना एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा ठरवला, तर लग्न नसल्याची किंमत मुद्रांक शुल्कात दिसते. नवरा-बायकोत राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात 200 रुपये मुद्रांक लागतो. या दोघांना मात्र खरेदीच्या दराने भरावं लागतं, म्हणजे आपल्या भागात अधिभार धरून साधारण 7 टक्के. त्याने तिचा 40 लाखांचा हिस्सा घेतला तर 2 लाख 80 हजार, वर नोंदणी फी 30,000. नवी मुंबईत जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्कही येतं.

आणि हे सगळं झालं तरी बँक तिला कर्जातून आपोआप मोकळं करत नाही. सहकर्जदाराने घर सोडलं, शहर सोडलं, तरी बँक पूर्ण हप्ता दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकते, आणि थकला तर दोघांचाही सिबिल स्कोअर पडतो. बँक नुसत्या अर्जावर नाव काढत नाही. उरलेल्याचं एकट्याचं उत्पन्न कर्जाला पुरतं का, ते आधी बघते. म्हणून हिस्सा सोडण्याचा दस्त आणि कर्जातून नाव कमी होणं एकाच वेळी करून घ्या. आधी दस्त, मग ‘बँकेचं बघू’ असं केलेल्या बायका-पुरुषांचे फोन मला येत असतात.

नोटरी केलेल्या कराराचं काय? 2024 मध्ये मुंबईत एका आरोपीला अटकपूर्व जामीन मिळाला तेव्हा असा करार गाजला. तक्रार करणाऱ्या त्याच्या जोडीदार बाईने करारावरची सहीच आपली नसल्याचं सांगितलं होतं. जामीन मिळाला म्हणजे करारावर न्यायालयाची मोहोर उठली असं नाही. ‘वेगळं झाल्यावर कुणी तक्रार करणार नाही’ असलं कलम फौजदारी तक्रार अडवू शकत नाही, आणि मुलाची पोटगी आईबापांना करारात सोडून देता येत नाही. करारात उपयोगाची असते ती रटाळ बाजू: कुणी किती डिपॉझिट भरलं, फ्रिज कुणाचा, ईएमआयला दिलेली रक्कम कर्ज की हिस्सा. नेमकं तेच नेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत सापडत नाही. भाड्याचं घर असेल तर लीव्ह अँड लायसन्सवर दोघांची नावं घाला. एकाचंच असेल तर दुसऱ्याने दिलेलं डिपॉझिट मालक पहिल्याच्या हातात देतो, आणि मालकाची त्यात चूक नाही.

नॉमिनीबद्दल थोडक्यात. सोसायटीतला किंवा शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, वारसांसाठी तो सांभाळणारा असतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. पीएफमध्ये तर कुटुंब असताना बाहेरच्याचं नामांकन ग्राह्यच धरत नाहीत. जोडीदाराला काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्र करा, आणि वेगळे झालात तर ते बदला.

मुलाला काहीच मिळत नाही, हे तर पूर्ण उलटं आहे. कलम 144 खाली आईबापांचं लग्न झालेलं असो वा नसो, मुलाला पोटगी मागता येते. वारशाचं चित्र तितकं स्वच्छ नाही. वडिलोपार्जित मिळकतीत असे दावे अडतात, म्हणून बापाने स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करून ठेवावं. जन्मदाखल्यावर बापाचं नाव घालून घेणं ही पहिली पायरी.

हिंसाचार कायद्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर होतो: ठाणेकरांसाठी कोर्ट नाका, नवी मुंबईकरांसाठी बेलापूर. खारघर रायगड जिल्ह्यात असल्याने तिथल्यांसाठी पनवेल. घर सोडून साताऱ्याला माहेरी गेलेली बाई तिथूनही अर्ज करू शकते, कारण ती तात्पुरती जिथे राहते तिथलं न्यायालयही चालतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, आणि बाईसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. जाताना बँक स्टेटमेंट, ॲग्रीमेंटची प्रत आणि लीव्ह अँड लायसन्स सोबत न्या. मोबाइल बदलण्याआधी चॅटचा बॅकअपही घेऊन ठेवा.