ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतायला सांगणारा तो मेसेज

‘जुन्या गाडीचे ब्रेक ५ मिनिटांत घरीच ठीक करा’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत आता आमच्या काकांपर्यंत पोचलाय. त्यांची गाडी १८ वर्षांची आणि दर रविवारी कात्रजचा घाट उतरणारी. त्यामुळे गप्प बसवत नाही. मेसेजमधले उपाय पाच: ब्रेक ऑइल कमी झालं तर घरातलं कुठलंही ऑइल टाका, पंप करून ब्रेक लागत असेल तर काळजी नको, पेडल खाली जातं तर हँडब्रेकची केबल ताणा, ब्रेक ओरडले तर डिस्कवर डिझेल मारा, घाटात ब्रेक तापू नयेत म्हणून गाडी न्यूट्रलला टाका.

पहिला उपाय सगळ्यात घातक आहे. आपण सगळेच, मेकॅनिकसुद्धा, ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. पण ते तेल नाहीच. आपल्याकडच्या गाड्यांत वापरतात तो ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि तो पाण्यात विरघळतो. मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की द्रव पुढे ढकलणारा भाग) कप, मागच्या व्हील सिलिंडरचे कप, कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सील, होज ही सगळी रबरं त्याच द्रवासाठी बनवलेली असतात. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, यातलं काहीही लागलं की ती फुगतात. मास्टर सिलिंडरमधला कप फुगला की द्रव टाकीत परत जायचं बारीक भोक बुजतं. मग पाय काढला तरी दाब सुटत नाही, ब्रेक घासत राहतात, चाकं तापतात. या टप्प्यावर पेडल कडक लागतं आणि माणसाला वाटतं, फरक पडला! पुढे तोच कप मऊ पडून फाटतो आणि पेडल थेट जमिनीला टेकतं.

शंका असेल तर टाकीतले चार थेंब ड्रॉपरने काढून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाईल, तेल वर तरंगेल. झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर आणखी पुरावा नको. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. टाकी उपसून भागत नाही. सगळे पाइप धुवावे लागतात आणि द्रवाला लागलेलं प्रत्येक रबर बदलावं लागतं. ‘वाचवलेल्या’ पैशांपेक्षा हा खर्च कितीतरी मोठा आहे.

मग टाकायचं काय? टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं: डॉट ३ किंवा डॉट ४. हे आकडे अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ मधले आहेत. त्यानुसार डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये आणि डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे झालं ताज्या द्रवाचं. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो, आणि साधारण ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० आणि १५५ वर येते. घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरमध्ये असा द्रव उकळला की वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल पोकळ लागतं. म्हणूनच तो दर दोन वर्षांनी बदलायचा, आणि वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली वापरायची नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचा, तो यात मिसळायचा नाही.

आणि पातळी कमी झाली तर आधी कारण शोधा. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे. पॅडचं अस्तर ३ मिमीच्या आसपास आलं असेल तर टॉपअप करू नका, पॅड बदला. पॅड जाडजूड असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे. मागच्या चाकांची आतली बाजू, होजचे जोड, पेडलजवळ बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) भिंत, सगळीकडे बोट फिरवून बघा.

पंप करण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. पंप केल्यावर पेडल वर येणं ही दुरुस्ती नाही, पण निदान नक्कीच आहे. पेडल स्पंजासारखं वाटून वर येतं: लाइनमध्ये हवा आहे. वर येऊन टणक राहतं: मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बुडतं आणि बाहेर कुठे थेंबही दिसत नाही: मास्टर सिलिंडर आतून गळतोय. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही: बूस्टर बघा. इंजिन बंद करून चार-पाच वेळा पंप करा, पाय दाबून ठेवा, स्टार्टर मारा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर व्हॅक्यूम पाइप, त्यातला एकेरी व्हॉल्व्ह किंवा बूस्टरच गेलाय.

हँडब्रेक ताणण्याचंही तसंच. लिव्हर ओढून पेडल वर आलं तर मागचे शू अ‍ॅडजस्ट करायला झालेत, एवढंच कळतं. केबल ताणून ठेवली तर शू जागेवर पूर्ण बसत नाहीत आणि ड्रममधला आपोआप चालणारा अ‍ॅडजस्टर काम करणं थांबवतो. आधी शू, शेवटी केबल.

डिझेलने भिजलेला पॅड टाकून द्यायचा, बाकी बोलण्यासारखं काही नाही. डिस्क ब्रेक क्लीनरनेच पुसा. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

न्यूट्रलचा सल्ला तर उलटाच आहे. न्यूट्रलला गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ते जास्त तापतात. इंजिन बंद केलं तर बूस्टरमध्ये दोन-तीन वेळांपुरताच व्हॅक्यूम उरतो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. दुसरा-तिसरा गिअर ठेवा.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढणं मात्र दोघांना घरी जमतं. चाकामागचं हवा सोडायचं निपल उघडायला रिंग पाना घ्या, साध्या पान्याने कडा झिजतात. पारदर्शक नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल सावकाश तीनदा दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा उघडून बंद करायचा, मगच पाय सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकी किमान खुणेखाली गेली तर सगळं पहिल्यापासून. बहुतेक गाड्यांत सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल पार खाली गेलं तर कप सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासून कापला जातो. अर्धा लिटर पुरतं, पण नानापेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून आणताना एक लिटर आणा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल तर हा मार्ग चालत नाही, स्कॅनर लागतो.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. बुडत नसेल आणि चारही निपल कोरडे असतील, तरच पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने दोनदा थांबवून बघा, आणि मग गेटबाहेर काढा.