श्वासनळीचं अस्तर म्हणजे भिंतीचा रंग नव्हे

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘दमा म्हणजे श्वासनळीच्या स्नायूला आलेला पेटका. आतलं अस्तर भिंतीच्या रंगासारखं, त्याचा काही संबंध नाही. निळा पंप ओढा, स्नायू सैल पडतो. स्टिरॉइडचा रोजचा पंप फुकटचा खर्च. मिरचीचा ठसका लागला तर उलट छाती मोकळी होते.’

स्नायू आवळतो हे खरं. पण कितीशा रसायनाने आणि किती आवळायचं, यात अस्तराचा मोठा हात असतो.

‘अस्तराचा संबंध नाही’ हे तपासणं अवघड नाही. जनावराच्या श्वासनलिकेच्या शेजारशेजारच्या दोन कड्या कापतात. एकीचं अस्तर ओल्या कापसाच्या बोळ्याने अलगद पुसतात, दुसरीचं तसंच ठेवतात. दोन्ही ३७ अंश सेल्सिअसच्या क्षारद्रावणात टांगून, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत ताण मोजतात. मग स्नायू आवळणाऱ्या ॲसिटिलकोलीनची मात्रा हळूहळू वाढवायची. पुसलेली कडी कमी मात्रेतच आवळायला लागते. हिस्टामिनचंही तेच. पुसताना हात जड पडला तर स्नायूच दुखावतो आणि निकाल फसतो, म्हणून दोन्हींना पोटॅशियम क्लोराइड देऊन पाहतात. ते स्नायूला थेट आवळतं. दोघींचा जोर सारखा निघाला तर स्नायू शाबूत आहे आणि फरक अस्तराचाच आहे. १९८५ साली कुत्र्याच्या श्वासनलिकांवर हेच दिसलं. शिवाय अस्तर गेलेल्या कडीवर आयसोप्रेनालीनचा सैल करणारा परिणामही कमी पडला, आणि निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल त्याच जातकुळीचं औषध आहे.

अस्तर हे करतं कसं? ते रसायनांना आत शिरू देत नाही, स्नायू सैल ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतं, शिवाय स्नायूकडे जाणारे काही रासायनिक निरोप वाटेतच मोडून टाकतं.

मिरचीची गोष्ट इथेच येते. कॅप्सेसिन श्वासनळीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतं. ती सबस्टन्स पी आणि न्यूरोकायनिन ए सोडतात, आणि हे दोन्ही स्नायू आवळणारे पदार्थ आहेत. अस्तरातलं न्यूट्रल एंडोपेप्टिडेज हे विकर त्यांचे तुकडे करतं. विषाणूच्या संसर्गाने किंवा तंबाखूच्या धुराने ते विकर मंदावलं की तेवढ्याच मात्रेला स्नायू जास्त आवळतो. गिनी पिगमध्ये हे ठळक दिसतं. माणसात खोकला जास्त, आवळणं कमी. ठसक्याने नाक वाहतं, कफ सुटतो, म्हणून मोकळं वाटतं. नळी त्याने रुंदावत नाही.

स्टिरॉइडला ‘फुकटचा खर्च’ म्हणणं सगळ्यात घातक. दम्यात इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतली प्रथिनं अस्तर सोलतात. कफात अस्तराच्या सोललेल्या पेशींचे पुंजके सापडतात. साल्ब्युटामॉल काही मिनिटांत स्नायू सैल करतं, ४ ते ६ तास टिकतं, आणि अस्तराची सूज आहे तिथेच राहते. ती उतरवतं स्टिरॉइड, तेही रोज घेतलं तर आणि काही आठवड्यांनी. म्हणूनच जागतिक दमा मार्गदर्शिकेने २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असं सांगितलंय. स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

सर्दी उतरली तरी अस्तर पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. पथारीवर किंवा जिनिंगमध्ये काम करणाऱ्या दमेकऱ्याने तेवढे दिवस धुळीपासून जमेल तितकं लांब राहावं आणि रोजचा पंप सोडू नये. निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागायला लागला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.