“दोन ठेवून द्या, आमची परवानगी आहे”

परवा नातवाच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरची शाळा. एक वडील उठले आणि वर्गशिक्षिकेला म्हणाले, “मॅडम, ऐकत नसेल तर बिनधास्त दोन ठेवून द्या. आमची परवानगी आहे.” निम्म्या पालकांनी माना डोलावल्या. मॅडम गप्प राहिल्या. माझ्या डोक्यातून ते वाक्य अजून जात नाही.

एक तर ही परवानगी देणारे आपण कोणीच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. केला तर शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई. पालकांची हरकत नसेल तर चालेल, अशी पळवाट त्यात नाही.

“आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो” हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होतो तेव्हा हातात लाकडी पट्टी असायचीच. १९९६ च्या जानेवारीत सहावीतला एक मुलगा सारखा उशिरा यायचा आणि बाकावर पेंगायचा. कारण मी विचारलं नाही. हात पुढे, चार पट्ट्या, की बस खाली. पंधरा दिवस हेच चाललं. मग त्याची आई बाजारात भेटली. सहज म्हणाली, “रातची लाइट येती ना गुरुजी. बापासंगं कांद्याला पाणी भरतो, दारं धरतो.”

निफाडची जानेवारीतली थंडी आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. रात्रभर गार पाण्यात असलेल्या हातांवर मी सकाळी पट्टी मारत होतो. आणि “गुरुजी, मळ्यात होतो” एवढं तो एकदाही बोलला नाही. मारणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार? मार खाऊन वर्ग शांत होतो खरा, पण त्या शांततेत कोण उपाशी आलंय, कोण आजारी आहे, कोणाला गणित मुळातच समजलेलं नाही, यातलं काहीही मास्तरला कळत नाही.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. मी एका वर्गात पासष्ट मुलं सांभाळली आहेत, वर निवडणुकीची कामं. माणूस चिडतो. पण परवाच्या सभेत वर्गात मुलं किती आहेत, हे कोणीही विचारलं नाही. मारायची परवानगी मात्र न मागता मिळाली.

त्याची आई भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उशिरा आला. पट्टी मी घरीच ठेवली होती. मी तोंड उघडायच्या आत त्याने दोन्ही हात पुढे केले. “खाली घे रे,” म्हणालो, तरी घेईना. शेवटी मीच धरून खाली केले. तळव्यांना भेगा पडल्या होत्या.