डबकं छोटं, म्हणून हिशेबात नाही

आम्ही मेरीलँडकर मंडळी उन्हाळ्यात शेजारच्या डेलावेअरमध्ये बेथनी बीचला हमखास जातो. पार्किंगवरून कटकट, वाळूत लोळणारी पोरं, संध्याकाळी आइस्क्रीम. पण या गावाचं नाव लावणारा एक काजवा आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या गावीही नसतं.

फोट्युरिस बेथानिएन्सिस. १९५३ मध्ये मॅकडर्मॉट यांनी त्याची नोंद केली. घरामागच्या लॉनवर तिन्हीसांजेला पिवळे लुकलुकतात ते हे नव्हेत. हा चांगला अंधार पडल्यावर निघतो आणि लागोपाठ दोनदा हिरवा चमकतो. राहतो कुठे? समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागांत. तिथे पावसाचं आणि जमिनीखालचं गोडं पाणी साचतं, कधी आटतंही. कडेला लव्हाळे, क्रॅनबेरीच्या वेली. अळ्या तिथल्याच ओल्या मातीत वाढतात. जवळ बोअर मारून पाणी उपसलं की ओल गेली. समुद्र चढला की खारं पाणी आत. दोन्हीकडून मरण.

मला खरा राग येतो तो कायद्याचा. डेलावेअरमध्ये भरतीचं पाणी न पोचणारी पाणथळ जागा सलग ४०० एकर असेल तरच राज्याच्या कायद्यात बसते. ही डबकी त्यापुढे चिल्लर! केंद्राच्या कायद्याचा थोडाफार आधार होता, तर २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोठ्या पाण्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळ जागांनाच संरक्षण. टेकड्यांमध्ये अडकलेलं पाणी कोणाला जोडलेलं असणार? स्टेट पार्कच्या हद्दीतली डबकी त्यातल्या त्यात बरी. खासगी जमिनीवरची रामभरोसे.

२०२४ मध्ये केंद्राच्या वन्यजीव खात्याने या काजव्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्या यादीत तोवर एकही काजवा नव्हता. प्रस्ताव चांगलाच आहे, पण माझं म्हणणं असं की आधी राज्याने ती ४०० एकरांची अट काढावी. कीटक यादीत आणि त्याचं डबकं बिल्डरच्या नकाशात, याला काय अर्थ आहे?

आणि दिवे. नर-मादीची गाठ पडते ती चमकण्यावरूनच, लखलखाटात ते एकमेकांना दिसणार कसे? जूनअखेर आणि जुलैमध्ये, ऐन हंगामात, तिथे घर भाड्याने घेणाऱ्यांनो, रात्री डेकवरचा दिवा बंद करा. 'सेफ्टीसाठी लागतो' म्हणू नका. चोर काय समुद्रातून पोहत येणार आहे?