ठिबकणारा गिझर आणि बूच मारलेला गिझर

ठाण्यात जेवढी काय थंडी पडते तेवढी पडली, की सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. “गिझर म्हणजे बाथरूममधला बॉम्ब”, आणि सोबत फाटलेल्या टाकीचा फोटो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: बंद टाकीत पाणी तापवणं मुळातच धोक्याचं, परदेशात त्यावर बंदी आहे. टॉवरमध्ये पाण्याच्या प्रेशरनेच टाकी फुटते. गिझर चालू ठेवून आंघोळ केली तर स्फोट होतो. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायला लागलं म्हणजे टाकी फुटायच्या बेतात आहे, प्लंबर बोलावून ते ताबडतोब बंद करून घ्या. आणि या सगळ्यावर उपाय काय, तर गॅस गिझर लावा. टाकीच नाही तर फुटणार काय?

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली आहे. गिझरची टाकी फुटूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. पण यातला एक सल्ला असा आहे की तो पाळला तर धोका वाढतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी ती परदेशातली बंदी. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरातल्या गरम पाण्याच्या टाकीला वर उघडी नळी ठेवायची पद्धत होती. मग नियम बदलले आणि बंद टाकीला रीतसर परवानगी मिळाली. अटी मात्र कडक. एक थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की तापवणं थांबवणारा. तो बिघडला तर वीज तोडणारा कटआउट, आणि हा कटआउट आपोआप परत चालू होता कामा नये. तोही फसला तर उष्णता किंवा दाब वाढताच उघडणारा व्हॉल्व्ह. शिवाय त्या व्हॉल्व्हमधून पडणारं पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे आणि नळीने सुरक्षित जागी गेलं पाहिजे. थोडक्यात, ज्याला फॉरवर्डवाले बंदी म्हणतात ती तिकडे केव्हाच उठली.

आपल्या भिंतीवरचा १५ किंवा २५ लिटरचा गिझरही बंद टाकीचाच. आयएस २०८२ हे त्याचं भारतीय मानक. आत थर्मोस्टॅट आणि कटआउट, खाली थंड पाण्याच्या तोंडाशी मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा. टाकी फुटायची तर हे तिन्ही पहारेकरी एकदम झोपावे लागतात. तसं झालं तर मात्र फोटो खोटा नाही. ७ बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाबाखाली पाणी १०० अंशांवर उकळत नाही, १७०च्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहतं. अशा वेळी पत्रा फाटला की दाब एकदम जातो, त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा मागते.

आता ठिबकण्याचं. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ७५ अंशांवर नेलं तर ते दोन टक्क्यांहून थोडं जास्त वाढतं. २५ लिटरच्या टाकीत हे अर्धा लिटरहून अधिक झालं. पाणी दाबून लहान करता येत नाही. गरम पाणी उलटं थंड पाण्याच्या पाइपात शिरू नये म्हणून व्हॉल्व्हमध्ये नॉन-रिटर्नची सोय असते, त्यामुळे मागे जायची वाट बंद. मग वाढीव पाणी बाहेर पडणार कुठून? व्हॉल्व्हच्या त्या छोट्या तोंडातूनच. तेव्हा गिझर तापत असताना थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर लाइनला प्रेशर जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार बसलाय. घोडबंदर रोडवर ज्यांच्याकडे बोअरचं टँकर पाणी येतं त्यांना हे नवीन नाही.

गडबड होते ती फॉल्स सीलिंगमुळे. गिझर वर लपवलेला, त्याचं पाणी पीओपीवर पडतं, पिवळा डाग उमटतो. घरमालक वैतागतो, प्लंबर व्हॉल्व्हच्या तोंडाला डमी, म्हणजे बूच, आवळतो, डाग वाढायचा थांबतो आणि सगळे खूश. त्या दिवसापासून दर तापण्याला टाकीवर जादा ताण येतो आणि तिसरा पहारेकरी कायमचा गेला. फॉरवर्डमधलं “ताबडतोब बंद करून घ्या” ते हेच. कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्हला असं बूच मारणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता. खरा इलाज किरकोळ आहे: त्या तोंडाला नळी जोडून ती बाथरूमच्या जाळीपर्यंत खाली आणायची. नळीला मध्ये कुठेही कॉक नको, शेवटी बूच नको.

टॉवरच्या प्रेशरचा मुद्दा हिशेबाचा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. वीस मजले म्हणजे साठेक मीटर, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून पाणी थेट खाली आलं तर तळाला ६ बार. म्हणूनच उंच इमारतींत खालच्या मजल्यांसाठी डक्टमध्ये प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात, आणि टॉवरसाठीचे गिझर ८ बारचे येतात. आकडा गिझरच्या पट्टीवर छापलेला असतो, घेताना वाचा. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत राहणाऱ्यांनी ही काळजी सोडून द्यावी.

गिझर चालू ठेवून आंघोळ केल्याने टाकी फुटत नाही. भीती शॉकची असते, त्यासाठी नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच ती तोडणारा स्विच, हवा. त्याची खात्री नसेल तर बंद करूनच आंघोळ करा, एवढं फॉरवर्डचं मी मान्य करतो.

गॅस गिझरचा सल्ला मात्र भयंकर आहे. टाकी नाही, फुटत नाही, हे खरं. पण बंद बाथरूममध्ये गॅस जळला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. आपल्याच राज्यात माणसं अशी बाथरूममध्ये दगावली आहेत. लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

या रविवारी एक करा. गिझर बंद करा, पाणी गार होऊ द्या आणि व्हॉल्व्हवर छोटा लिव्हर असेल तर उचलून बघा. धार आली पाहिजे. लिव्हर हललाच नाही किंवा पाणी आलं नाही तर व्हॉल्व्ह बदलून घ्या, काहीशे रुपयांची वस्तू आहे. आणि त्याच्या तोंडाला डमी दिसली तर आधी गिझरचा एमसीबी (बोर्डातला स्विच) पाडा, प्लंबरला फोन नंतर.